बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत त्याविषयी

ती. आई-बाबा,
सप्रेम सलाम.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "तिकडे प्रभूची साक्ष देतोस ना? लोकांना येशूविषयी सांगतोस ना?" आणि मागून आईचा आवाज आला, "गप्प राहू द्या त्याला, दिवस कसे आहेत बघताय ना!" तुम्हा दोघांच्या कात्रीत सापडून मी "हो, हो" म्हणत फोन ठेवला. नीट उत्तर द्यायचं तर लिहिणंच बरं, कारण फोनवर बाबा मला वाक्य पूर्ण करू देत नाहीत.

चाकणला मी स्टोअरमध्ये आहे एवढंच तुम्हाला माहीत. काम असं की माल आला की मोजून घ्यायचा, तपासणीला पाठवायचा आणि जीआरएन करायचा, म्हणजे माल मिळाल्याची नोंद. ती झाल्याशिवाय पुरवठादाराचं बिल हलत नाही. 2006च्या कायद्याने लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, आणि दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. आता आयकराचा नियमही त्याला जोडलाय. मुदत चुकवली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च कंपनीला दाखवता येत नाही. मग पळवाट निघते तारखेत. माल आज उतरला तरी नोंद पुढच्या आठवड्यात कर, असं वरून सुचवतात. तोंडीच. असलं काही मेलवर कोण लिहितो?

पलीकडे भोसरीत दोन लेथ टाकून बसलेला माणूस असतो. त्याच्या पोरांचे पगार त्या तारखेवर अडकलेले असतात. मी ज्या दिवशी माल येतो त्याच दिवसाची तारीख टाकतो. साहेब चिडले तेव्हा म्हटलं, गेटच्या रजिस्टरवर गाडीची वेळ आहे, ऑडिटमध्ये दोन तारखा दिसतील. त्यावर त्यांना काही बोलता आलं नाही. बढतीचं मात्र यंदा विचारू नका.

या सगळ्यात मी प्रभूचं नाव एकदाही घेतलं नाही. बाबा, तुम्हाला ही साक्ष अर्धीच वाटणार, आणि तुम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठ्ठाविसावा अध्याय काढणार, सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करा म्हणणारा, तेही ठाऊक आहे. पण मी ख्रिस्ती आहे हे इथे लपलेलं नाही. नावावरूनच कळतं, आणि रविवारचा ओव्हरटाइम मी घेत नाही. अख्ख्या शेडमध्ये आपला मी एकटा. म्हणजे मी खोटी तारीख टाकली तर ती माझ्या एकट्याच्या नावावर जमा होणार नाही, "हे ख्रिश्चन लोक" म्हणून होईल. दिवाळीला एका पुरवठादाराने मिठाईसोबत पाकीट दिलं. मिठाई मी सगळ्यांत वाटली, पाकीट परत केलं. तो जरा वेळ थांबला आणि म्हणाला, "तुमच्यात चालत नाही का?" तेव्हा मी बोललो. त्याने विचारलं म्हणून बोललो, आणि चहा संपेपर्यंतच. येशूचा शिष्य पेत्र, त्यानेही विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय, आणि ते सौम्यतेने द्या असंही.

आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडचं बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये तिथे गेले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं, बोअर दलित वस्तीत घेतले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाने तिथे यायचं. आपण ख्रिस्ती आहोत हे त्यांनी झाकलं नाही, आणि औषधाच्या बदल्यात कुणाला धर्म बदलायलाही सांगितलं नाही. मला हेच पटतं. समोरच्याने आपल्या धर्मात यावं म्हणून चांगलं वागायचं, तर तो गळाला लावलेला किडा झाला. माशाला ते कळतं. तो पुरवठादार उद्या देवळात गेला, परवा दर्ग्यात गेला, तरी त्याची तारीख खरीच पडणार.

आई, तुझी भीती मला कळते. मी पत्रकं वाटत नाही, कुणाच्या घरी जाऊन बसत नाही. पण तू म्हणतेस तसं गप्प राहणंही पुरतं जमत नाही गं, कारण माणसं वागणं वाचत असतातच.

आता जे लिहायला धजत नव्हतो ते लिहितो. बाबा, रागावू नका. मंडळीच्या निवडणुकीपासून तुम्ही आणि मागच्या गल्लीतले काका एकमेकांशी बोलत नाही. चर्चमध्ये एकाच बाकावर बसायचात, आता एक जण खिडकीशी आणि एक जण दाराशी. प्रभूभोजनाची भाकर घ्यायला दोघंही उठता. आपल्या मंडळ्यांचे जमिनीचे खटले कोर्टात पिढ्यान् पिढ्या चालतात हे नगरमध्ये रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. त्यात तुम्हा दोघांचं भांडण म्हणजे किरकोळच. पण शेजारच्या जोशीकाकूंनी मला सरळ विचारलं, "तुमच्यात क्षमा करतात ना रे?" मला उत्तर सुचलं नाही. मत्तयात अठ्ठाविसाव्याच्या बरंच आधी पाचवा अध्याय येतो. तिथे वेदीजवळ दान ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय, आणि चूक कुणाची ते विचारलेलंही नाही.

त्या भांडणातल्या हिशेबाच्या वहीबद्दल तुमचंच खरं होतं, असं मलाही वाटतं. तरीही तुम्हीच जा. काकांचा गुडघा आता जिना चढू देत नाही, म्हणजे ते येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

नाताळाला मी 23 तारखेला रात्रीच्या गाडीने निघतो. आई, करंज्यांचं सारण मी आल्यावर कर, खोबरं मी किसतो. बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील तर नाव आणि पॉवर मेसेज कर, इथून घेऊन येतो. काकांच्या घरचा डबा भरायला काढून ठेव. तो कुणी न्यायचा ते बाबांनी ठरवावं.

तुमचा,
धाकटा