इंजेक्शनआधी गोणी मागणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या शीळफाट्याच्या शेडवर आलात तेव्हा डुकरांची दूध तोडलेली चौदा पिल्लं हगवणीने आडवी पडली होती आणि मी इंजेक्शनची वाट बघत होतो. तुम्ही आधी खाद्याची गोणी मागितलीत. तिच्यात दुकानदाराने गळ्यात मारलेलं झिंक ऑक्साइड, वजन वाढावं म्हणून मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि 'हाडं भक्कम होतील' म्हणून माझ्या मनाने घातलेली जास्तीची चुनखडी. तुम्ही हसला नाहीत. बाकीचे डुकरांचं नाव काढलं तरी हसतात.

गोणीवरच बसून तुम्ही समजावलंत. लहान पिल्लाच्या पोटात स्वतःचं आम्ल कमीच. आईच्या दुधातल्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू वाढतात, तेच आंबटपणा राखतात. दूध तुटलं की हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जंतूला रान मोकळं. आणि मी वरून चुनखडी घालून उरलंसुरलं आम्लही मारत होतो! झिंक ऑक्साइडने हगवण आटोक्यात येते हे खरं, पण टनभर खाद्याला तीनेक किलोचा तो डोस दूध तोडल्यावर दोन आठवड्यांपुरता असायचा. मी सात महिने चालवला. त्यात चांगले जंतूही मार खातात, आणि तग धरणाऱ्यांत अँटिबायोटिकला दाद न देणारे वाढतात. या धोक्यामुळे आणि मातीत साठणाऱ्या झिंकमुळे युरोपीय संघाने जून 2022 पासून तो डोस बंद केला, हे मला तुमच्याकडूनच कळलं.

मग तुम्ही विचारलंत, "खत कुठे जातं?" शेजारच्या पालक-मेथीच्या मळ्यात, मी म्हणालो. पोटात घातलेलं झिंक आणि तांबं बहुतेक सगळं लेंडीतून बाहेर पडतं आणि मातीत साठत राहतं. त्या मळ्यातली भाजी माझ्याच घरी येते, मॅडम.

दोन पिल्लं गेली, बारा उठली. आता मोरचूद बंद, मिनरल मिक्श्चर मोजून, सुरुवातीला चुनखडी कमी, आणि खाणं थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. पुढच्या वेताला हगवण लागली ती दोघांनाच, तीही मीठ-साखरेच्या पाण्यावर निभावली. तुम्ही फी घेतली नाहीत, ती अजून माझ्या डोक्यावर आहे.

झिंकची अर्धी गोणी पडून आहे. नाल्यात टाकायची नाही एवढं कळलं. कुठे द्यायची, तेवढं फोनवर सांगा.

आपला,
शीळचा वराहपालक