बाबा, थुंकी तपासून घ्या

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

ओंकारला टीबीच आहे, हे आता नक्की झालं. फोनवर आई रडायला लागली, सांगायचं निम्मं राहिलं, म्हणून लिहिते आहे.

किडनीच्या दुखण्यासाठी त्याला स्टेरॉइड चालू आहे. त्यानं सूज उतरते, पण प्रतिकारशक्तीही दबते आणि टीबीच्या जंतूला आयतंच फावतं. हातावर सुई टोचून करतात ती चाचणी कोरी आली होती. स्टेरॉइड घेणाऱ्या पोरांत ती अशी फसवते, म्हणून डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. त्यामुळे पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं आणि त्यात जंतू सापडले. फार रडला हो, पण निदान झालं.

औषध सहा महिने, सरकारी दवाखान्यातून फुकट. पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन. त्यातल्या रिफॅम्पिसिननं लघवी केशरी होते, घाबरू नका. मला धास्ती वेगळीच आहे: ते औषध स्टेरॉइडचा असर कमी करतं. सूज परत येऊ नये म्हणून मी रोज सकाळी लघवीतली प्रथिनं पट्टीवर तपासते, वहीत लिहून डॉक्टरांना दाखवते.

आई, तो आला की त्याचं ताट वेगळं मांडू नकोस. इतक्या लहान मुलाकडून टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही. त्यालाच तो मोठ्या माणसाकडून लागतो.

बाबा, मे महिन्यात तो तुमच्याच कुशीत झोपायचा. तुमचा खोकला तेव्हापासूनचा आहे. शिवाय तुम्हाला साखर आहे, आणि साखर असलेल्या माणसाला टीबीचा धोका दोन ते तीन पट असतो. तुम्हाला बोल लावत नाही मी. नातवावर तुमचा किती जीव आहे, मला ठाऊक आहे. पण लावणी उरकली की बघू, असं या वेळी म्हणू नका. सोमवारी खानापूरच्या सरकारी दवाखान्यात जाच. सकाळी उठल्यावर खोल खोकून निघालेला बेडका डबीत द्या, नुसती लाळ नको. एक्स-रेही काढा.

दादाच्या छकुलीलाही सोबत न्या. तुमच्यात टीबी निघाला, तर पाच वर्षांच्या आतल्या मुलाला, आजार नसला तरी, तो होऊ नये म्हणून औषध देतात.

आशाताईंशी बोलले आहे, त्या सोबत येतील. रिपोर्ट हातात पडला की लगेच फोन करा, कितीही वाजलेले असोत.

तुमची,
सुमन