वायर कापू नका, कपलर मागा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाडीला नवं रूप देण्याबद्दलचा लेख वाचला. सीट कव्हर, पॉलिश, दिवे इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पण जुना टेप काढून त्या जागी मोठा टचस्क्रीन बसवा, तासा-दोन तासांचं काम आहे, असं लेखकाने सहज लिहून टाकलंय. त्या दोन तासांत डॅशबोर्डच्या आत काय काय कापलं जातं, हे त्यांनी पाहिलेलं दिसत नाही. मी पाहिलंय, म्हणून हे पत्र.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. तीस वर्षं पोरांनी जाळलेले अ‍ॅमीटर दुरुस्त केले, त्यामुळे सोल्डरिंगची सवय हाताला आहे. घरी २००४ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आहे, डिझेल, दुसऱ्या हातची. आमच्या शहराजवळच्या शेंद्र्यातल्या स्कोडाच्या कारखान्यात २००१ साली याच गाडीने सुरुवात झाली, म्हणून आम्हाला ती परकी वाटतच नाही. पंधरा वर्षं झाल्यावर एकदा आणि त्यानंतर पाच वर्षांनी पुन्हा, असं दोनदा तिचं पासिंग करून आणलं. इंजिन अजून खणखणीत आहे. टेप मात्र कॅसेटचा, आणि कॅसेटी आता फक्त दोन उरल्यात. त्यातली एक आतच गुंतते.

मुलाचा हट्ट होता की स्क्रीन बसवा. माझी नाही, पण बायकोची हरकत होती. तिचं म्हणणं, स्क्रीनवर बोट कुठं ठेवायचं ते बघायला चष्मा लागतो. हे गोल बटण अंधारातही हाताला लागतं. मला हे अगदी पटतं. रात्री औट्रम घाटातून उतरताना आवाज कमी करायचा असेल तर नजर रस्त्यावरच हवी, आणि चाळीसगावला लेक दिलेली असल्यामुळे तो घाट आम्हाला महिन्यातून एकदा असतोच.

तर मग जुना टेप तसाच ठेवून फोनमधली गाणी त्यातून कशी वाजवायची?

आधी सिगारेट लायटरमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर आणला. हा स्वतः एक चिमुकलं रेडिओ स्टेशन असतो, ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधली मोकळी जागा शोधून तिथे आपलं गाणं सोडायचं. गावाबाहेर छान चालतो. गाव जवळ आलं की त्याच जागेवर दुसरं स्टेशन घुसतं आणि अभंगाच्या मधोमध साबणाची जाहिरात सुरू होते. मग कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडॅप्टर घेतला. त्याच्या आत टेपच्या हेडसमोर येणारं दुसरं हेड असतं, त्यातून आवाज उतरतो. युक्ती मस्त आहे, पण सतत खरखर, आतल्या चाकांचा कटकट आवाज आणि खाचेतून लोंबणारी वायर, जी दर वेळी गिअरच्या दांड्यात अडकायची.

शेवटी एका ओळखीच्या मेकॅनिकच्या सांगण्यावरून अ‍ॅक्सेसरीच्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तिथला पोरगा इतरांपेक्षा वाईट नव्हता. सगळेच तसं करतात. त्याने टेपच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायला सुरुवात केली. म्हटलं, बाबा, पुढे ज्या चार बारीक खाचा दिसतात त्यांत चार पातळ पट्ट्या घालायच्या असतात, की सेट आपोआप पुढे सरकतो. पट्ट्या त्याच्याकडे नव्हत्या. त्याने बाजूला कटर काढून ठेवला होता. मागचे कपलर, म्हणजे वायरींच्या टोकाचे एकमेकांत बसणारे तयार जोड, न वापरता वायरी कापून, साल काढून, पीळ देऊन, वरून काळा टेप गुंडाळायचा, हा त्याचा बेत. "काका, असंच करतात सगळे," तो म्हणाला. मी त्याला चहाचे पैसे दिले आणि गाडी घेऊन घरी आलो.

काळा टेप गुंडाळायचा म्हणजे नेमकं काय होतं? आमच्याकडे मे महिन्यात बाहेर बेचाळीस डिग्री असतं तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली त्याहून कितीतरी जास्त असतं. त्या उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, कडा उलगडतात, पीळ दिलेली तांब्याची तार उघडी पडते आणि खड्ड्याखड्ड्यात हादरत शेजारच्या लोखंडाला टेकते. गाणी वाजवणाऱ्या टेपच्या सर्किटचा फ्यूज मोठा असतो, तो मूळच्या जाड वायरींसाठी. मधे कुणीतरी जोडलेली केसासारखी वायर तापून जळेपर्यंत तो फ्यूज शांत बसून असतो.

आता खरी गोष्ट. या गाडीच्या टेपच्या पाठीमागे पॉवर आणि स्पीकर यांच्या सॉकेटांशिवाय आणखी एक सॉकेट आहे, पिवळा, हिरवा आणि निळा अशा तीन तुकड्यांचं. त्यातला आठ पिनांचा निळा तुकडा सीडी चेंजरसाठी. पूर्वी डिकीत सहा सीडींचा डबा बसवायचे, तो इथे जोडायचा. माझ्या गाडीत तो डबा कधी बसलाच नाही, सॉकेट वीस वर्षं रिकामं होतं.

तिथे सरळ फोनची वायर लावून चालत नाही, गंमत इथेच आहे. टेप आधी विचारतो, चेंजर आहे का? उत्तर आलं तरच त्या पिनांमधला आवाज आत घेतो. म्हणून बाजारात एक छोटी डबी मिळते, काड्यापेटीपेक्षा जरा मोठी, जी टेपला ठोकून सांगते, हो, मी चेंजर आहे, पहिली सीडी, पहिलं गाणं चालू आहे. टेप बिचारा विश्वास ठेवतो. डबीच्या दुसऱ्या टोकाला फोनमध्ये खोचायची नेहमीची बारीक पिन. एकही वायर कापायची नाही, कपलरमध्ये कपलर खटकन बसतो. उद्या गाडी विकायची झाली तर काढून घेतला की मूळचं सगळं जागच्या जागी.

पट्ट्या मी जुन्या करवतीच्या पात्यातून घासून बनवल्या. डबी ग्लोव्ह बॉक्सच्या मागे ठेवली, कापडी टेपने गुंडाळून, म्हणजे खडखड होत नाही. इथपर्यंत अर्धा तास. पुढे ब्लूटूथ हवं होतं, म्हणून पाच व्होल्टवर चालणारा रिसीव्हर आणि बारा व्होल्टचे पाच करणारा छोटा कन्व्हर्टर लावला, एक अँपिअरचा फ्यूज मधे टाकून. इंजिन सुरू केलं आणि स्पीकरमधून कुंईईई. गाडी जशी रेझ करावी तसा सूर वर चढतो. इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या आल्टरनेटरचा आवाज तो. रिसीव्हरची अर्थिंग एका ठिकाणी आणि टेपची दुसऱ्या ठिकाणी असली की असं होतं. प्रयोगशाळेत पोरांना हेच शिकवायला मदत केली होती, तरी स्वतः चुकलो. मधे एक छोटा आयसोलेटर टाकला, ज्यात दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज पलीकडे जातो, अर्थिंग जात नाही. कुंई बंद.

दुसरी चूक महागात पडली. रिसीव्हरला वीज मी कायम चालू असणाऱ्या वायरीवरून घेतली होती. किल्ली काढली तरी तो आपला जागाच. पन्नास मिलिअँपिअर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं ना? चोवीस तासांचे १.२ अँपिअर-अवर होतात. आम्ही मुलाकडे पुण्याला एकवीस दिवस राहिलो, म्हणजे पंचवीस अँपिअर-अवर गेले. माझी बॅटरी साठची, त्यातही चार वर्षं जुनी. परतल्यावर किल्ली फिरवली तर नुसतं टिक. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप दिला, इंजिन लागलं, आणि टेपवर अक्षरं आली, सेफ. वीज तुटली की तो चार आकडी कोड मागतो, चोरीपासून बचाव म्हणून. कोड पहिल्या मालकाने पुस्तकाच्या मागे पेनाने लिहून ठेवला होता, पण त्यांचा सात मला एक वाटला. दोनदा चुकलो. मग टेप तासभर चालू ठेवून वाट पाहायची, त्याशिवाय तो पुन्हा संधी देत नाही. त्या तासात बायकोने अंगणातून तीनदा विचारलं की नवा स्क्रीन किती रुपयांना मिळतो.

आता रिसीव्हर किल्लीवरच्या वायरीला जोडलाय, किल्ली काढली की तो बंद. एक उणीव राहिली, ती सांगितलीच पाहिजे. माझी डबी साध्या जातीची आहे, टेपच्या बटणाने गाणं पुढे जात नाही, फोनलाच हात लावावा लागतो. म्हणून निघायच्या आधीच यादी लावून फोन ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतो. नातू आला की टेपवर सीडी एक, गाणं एक असं बघतो आणि डिकी उघडून सीडी शोधत बसतो. त्याला अजून खरं सांगितलेलं नाही.

आमच्याच गल्लीत अशाच एका गाडीला स्क्रीन लागलाय. चित्र सुंदर दिसतं. पण रेडिओ गावाबाहेर पाच किलोमीटरवर खरखरायला लागतो, कारण या गाडीच्या छतावरच्या अँटेनाच्या बुडाशी एक अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज त्याच अँटेनाच्या वायरीतून जावी लागते. नव्या सेटने ती पाठवली नाही. सर्व्हिसला नेली तर स्कॅनर इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलेना. मूळच्या काळ्या कपलरातली एक पिन त्या तपासणीच्या लाइनची आहे, फिटरने ती दुसऱ्याच कशाला तरी जोडून टाकली होती. मालकाने सेन्सर बदलले, पैसे घातले, शेवटी नवा सेट उपसल्यावर कळलं. मूळचा कपलर तोवर कापलेला होता आणि त्याचे तुकडे दुकानदाराने केव्हाच फेकून दिले होते.

स्क्रीनच्या मी विरोधात नाही. ज्याला रस्ता दाखवणारा नकाशा हवा त्याने जरूर बसवावा. पण बहुतेक गाड्यांसाठी तयार जोड-कपलर मिळतो, ज्याची एक बाजू गाडीच्या मूळ सॉकेटात आणि दुसरी नव्या सेटमध्ये बसते. काही गाड्यांसाठी अँटेनाच्या विजेचा वेगळा जोडही मिळतो. स्क्रीनच्या किमतीपुढे हे पैसे किरकोळ आहेत. दुकानदार ते लावत नाहीत, कारण गिऱ्हाईक मागतच नाही, आणि गिऱ्हाईक मागत नाही कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आपल्या पुरवणीतला लेख वाचून या महिन्यात बरेच वाचक दुकानात जातील. पुढच्या अंकात चौकटीत एवढं छापा की पोराने कटर हातात घेतला की आधी विचारायचं, कपलर आहे का? नसेल तर गाडी परत घरी.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
सिडको, छत्रपती संभाजीनगर

ता. क. बॅटरी बदलायला जाणार असाल तर टेपचा कोड आधी शोधून ठेवा, आणि पहिल्या मालकाचे एक आणि सात नीट ओळखून घ्या.