मोतीबिंदूनंतरची नजर नोंदवली जाते का?

महोदय,

ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, मी 22 वर्षे नेत्रशस्त्रक्रियागृहात परिचारिका होते. मोतीबिंदूची किती ऑपरेशने झाली हे कोणीही सांगेल. ती कशी झाली, हे रॉयल कॉलेज ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट्स या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेच्या राष्ट्रीय परीक्षणातून (ऑडिटमधून) कळते. त्यात मुख्यतः दोन गोष्टी पाहतात: भिंगाच्या मागच्या बाजूचे पातळ आवरण फाटले का, आणि नंतर नजर आधीपेक्षा घटली का. ते आवरण फाटले की मागचा जेलीसारखा पदार्थ पुढे येतो आणि खोलीत एकदम शांतता पसरते. ती मला अजून आठवते.

पण नुसते आकडे फसवे. आमचे एक ज्येष्ठ सर्जन बाहुली न उघडणारे, मोतीबिंदू पिकून पांढरा झालेले रुग्ण मुद्दाम स्वतःकडे घेत. कच्च्या टक्केवारीत तेच सगळ्यांत वाईट दिसले असते! म्हणून रुग्णाची जोखीम धरून आकडे जुळवतात, हे मला फार योग्य वाटते.

खरी गळती पुढे आहे. ऑपरेशननंतर अनेक रुग्णांची तपासणी जवळच्या चष्म्याच्या दुकानातला ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर देणारा, करतो. त्याने मोजलेली नजर रुग्णालयाच्या संगणकात परत येतेच असे नाही. तो रकाना रिकामा राहिला की परीक्षण अर्धे आंधळेच. एका हिवाळ्यात मी अशा नोंदींसाठी फोन करत बसले होते; निम्म्या दुकानांना आमचा फॉर्मच माहीत नव्हता. ही नोंद परत पाठवणे या दुकानांच्या कंत्राटातच सक्तीचे करावे.

– एक निवृत्त परिचारिका, इंग्लंड