घाणेरीच्या गुच्छापाशी

ठाणे (पश्चिम),
१४ सप्टेंबर

प्रिय सदानंद यास,
सप्रेम नमस्कार.

"गडकिल्ल्यांचे फोटो सोडून तू किडे-मुंग्यांच्या मागे का लागलास?" असे तू मागच्या पत्रात विचारलेस. फोनवर याचे धड उत्तर देता आले नसते, म्हणून सविस्तर लिहितो.

येऊरच्या रस्त्याला घाणेरीचे एक झुडूप आहे. वीस वर्षे मी त्याच्याकडे तण म्हणूनच पाहिले. आणि ते आहेही तणच, अमेरिकेतून आलेले व आपल्या रानात नको तितके माजलेले. परंतु मॅक्रो लेन्समधून, म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तू टिपणाऱ्या लेन्समधून, त्याचा रुपयाएवढा गुच्छ पाहिला, तेव्हा मध्यभागी पिवळी आणि कडेला गुलाबी दिसणारी ती इवली फुले वेगवेगळ्या जातींची नसून वेगवेगळ्या वयांची आहेत, हे ध्यानात आले. परागीभवन झाले की पिवळ्या फुलाचा रंग पालटतो, आणि फुलपाखराची सोंड बहुधा पिवळ्यातच उतरते, कारण मध तिथेच असतो. अशा झाडाला आपण नाव दिले ते मात्र वासावरून!

एकास एक प्रमाणात, म्हणजे किडा जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर उमटेल इतक्या जवळून फोटो घेताना, अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र) एफ/११ इतके लहान ठेवले तरी जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर भागच स्पष्ट येतो. चतुराचे डोळे साधावेत तर शेपूट धुक्यात जाते. लेन्सचे कडे फिरवून भागत नाही, श्वास रोखून स्वतःलाच तसूभर पुढे-मागे झुकावे लागते, आणि नेमका तेव्हाच वारा सुटतो. म्हणून मी सातच्या आत पोहोचतो; दवाने जड झालेले किडे ऊन चढेपर्यंत फारसे हलत नाहीत. काही जण किडे फ्रीजमध्ये गारठवून फोटो घेतात. त्याला मी छायाचित्रण म्हणत नाही.

सोसायटीच्या कुंपणालगत टाकळा माजला होता, तोच, ज्याची भाजी तुझ्या आईच्या हातची आपण खात असू. त्याच्या पानावर फुलपाखराचे एक अंडे सापडले: तांदळाच्या कणीहून लहान, पांढरे, उभे, आणि वरपासून खालपर्यंत कोरल्यासारख्या रेघा असलेले. चार दिवसांनी कुंपणाची साफसफाई झाली. आता ते अंडे माझ्या फोटोतच उरले आहे.

सोबत एक मोठी प्रत पाठवत आहे. ओवळ्याला वाटेवर पडलेला राणी पाकोळीचा, म्हणजे २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू ठरवलेल्या त्याच पाकोळीचा, फाटका पंख मी सपाट ठेवून टिपला. सपाट असल्यामुळे तो काठापासून काठापर्यंत स्पष्ट आला. कौलांसारखे एकावर एक रचलेले निळे-काळे खवले नीट मोज, आणि फाटलेल्या कडेला ते गळून गेल्यावर खाली काय उरते, ते मला लिहून कळव.

तुझा,
विनायक