पुऱ्या मीच भरायच्या, मग सर्व्हिस चार्ज कसला?

संपादक महोदय,

सध्या बाणेर-बालेवाडीकडे बघावं तिकडे 'दिल्ली का स्ट्रीट फूड' वालं हॉटेल उघडतंय, भिंतीवर सायकल टांगलेली नाहीतर 'हॉर्न ओके प्लीज'ची पाटी असतेच. नोकरीमुळे मी तीन वर्षं दिल्लीच्या करोल बागेत काढलीत, गोलगप्पे (तिकडची पाणीपुरी) म्हणजे जीव की प्राण, म्हणून गेल्या रविवारी घरच्यांना घेऊन गेलो.

तर ताटलीत सहा पुऱ्या, वाटीत बटाटा-छोले आणि पाण्याची खोकल्याच्या औषधाएवढी बाटली. फोडा, भरा, ओता, सगळं आपणच. चौथ्या पुरीला पाणी खलास. दिल्लीत ठेल्यावर भैया आधी विचारतो आटा की सूजी, मग हातात दोना देतो आणि एकेक भरून देत राहतो, सौंठ (चिंचेची गोड चटणी) किती घालायची ते आपल्या तोंडाकडे बघून त्याला कळतं, आणि भरली की लगेच तोंडात गेली पाहिजे नाहीतर पुरी मऊ पडते. आपला गाडीवालाही गरम रगडा घालून हेच करतो आणि शेवटी सुकी देतो. इथे सुकी मागितली तर वेटर म्हणे, मेन्यूत नाहीये सर.

छोले भटुरे मात्र मस्त होते, खोटं कशाला बोलू, छोले काळपट, आवळ्याचा हलका आंबटपणा, सोबत लोणचं. फक्त दिल्लीत लोक जे सकाळी नाश्त्याला खातात ते इथे बारानंतर मिळतं, असो.

बिल ८६०, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ८६ आणि मग सगळ्या ९४६ वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे न मिळालेल्या सर्व्हिसवर टॅक्सपण! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानेही तेच उचलून धरलं. मॅनेजरला हे बोललो तर एका मिनिटात नवीन बिल आलं, म्हणजे माहीत होतं की! जो विचारत नाही तो भरतो. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, वाचकांनी नंबर सेव्ह करून ठेवावा.

आणि हॉटेलवाल्यांनो, ती सायकल काढा आणि त्या जागी पुऱ्या भरून देणारा एक माणूस उभा करा, त्याला टीप मी आपणहून देईन.

– एक खवय्या वाचक, औंध, पुणे