मॅपलची राखण

सातारा, नोव्हेंबर

प्रिय गड्या,

सहा महिने अमेरिकेत काय केलंस म्हणून तू तीनदा मेसेज केलास आणि मी तिन्ही वेळा नुसता अंगठा पाठवला, कारण खरं उत्तर असं की मी तिकडं झाडाची राखण केली. हसू नकोस. लेकीच्या न्यू जर्सीच्या घरामागं जॅपनीज मॅपलची दोन रोपं आहेत, एक जमिनीत आणि एक कुंडीत, माझ्या कमरेएवढी पण नाहीत, आणि जावई म्हणाले बाबा तुम्ही शेतकऱ्याचे मित्र, तुम्हीच बघा. म्हणजे बघ, तुझ्या जिवावर मला काम लागलं.

मला वाटलेलं बर्फात हे झाड मरत असेल. तसं काही नाही, पानं गाळून झोपलेलं असलं की जमिनीतलं मॅपल उणे २० सेल्सिअससुद्धा काढतं. घात होतो तो वसंतात. मार्चअखेर आठवडाभर ऊन पडलं, झाडाला वाटलं झाला उन्हाळा, आणि एप्रिलमध्ये कोवळी लाल पानं बाहेर आली, अगदी बाळाच्या तळव्यासारखी (जपानीत लहान मुलांच्या हाताला मोमिजीसारखा हात म्हणतात, मोमिजी म्हणजे हेच पान). तुझ्या भाषेत पोंगा फुटला. आणि बरोबर त्याच आठवड्यात फोनवर २८ डिग्री, फॅरेनहाइट हां, म्हणजे उणे २. आपल्याकडं वेण्णा लेकला दव गोठलं की पेपरात फोटो येतो आणि लोक स्वेटर घालून बघायला जातात, तिकडं त्याच दवानं माझी झोप उडाली.

पहिल्या रात्री मी शहाणपणा केला, रोपावर प्लास्टिकची पिशवी घातली. सकाळी बघतो तर जिथं जिथं पान पिशवीला चिकटलेलं तिथं तिथं काळं, उकडलेल्या पालकासारखं. मग तुझी आठवण झाली. थंडीच्या लाटेत तू पहाटे द्राक्षबागेला पाणी सोडतोस ना, मी तुला वेडा म्हणायचो, तर त्याचं कारण मला साठीनंतर कळलं. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री सोडते, वारा नसलेल्या निरभ्र रात्री ती ऊब सरळ आभाळात निघून जाते. म्हणून दुसऱ्या संध्याकाळी बुंध्याभोवती पाणी घातलं, तीन काठ्या रोवून त्यावर जुनी चादर टाकली, पानांना न लागता पार जमिनीपर्यंत, कडेला विटा. झाडाच्या डोक्यावर नुसता फडका बांधला तर खालची ऊब बाजूनं निघून जाते. आणि ऊन वर आलं की चादर काढायची, नाहीतर आत उकडतं. पाच रात्री हा उद्योग केला, शेजारचा म्हातारा खिडकीतून बघायचा.

चूक त्यानंतर झाली. काळ्या पडलेल्या डहाळ्या बघवेनात म्हणून कात्री घेऊन तीन छाटल्या, चौथीला लेक ओरडली. ती चौथी तीन आठवड्यांनी फुटली रे! त्या तीनही फुटल्या असत्या. तुझ्याकडं तेव्हा द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली मोठी छाटणी, चाललेली, माझ्या हाताला पण तीच खाज. युरियाची मूठ टाकून झाड लवकर उभं करू म्हटलं तर तेही नको, लुसलुशीत वाढ येते आणि पुढच्या झटक्याला तीच आधी जाते.

जुलैत उलटंच. दुपारचं पश्चिमेचं ऊन आणि कोरडा वारा, पानांच्या कडा तपकिरी कुरकुरीत, विशेषतः बारीक चिरलेल्या पानांच्या जातीच्या. मुळं वरवर असतात, वाऱ्यानं पान सुकतं त्या वेगानं पाणी वर चढत नाही. शेडनेट बांधलं, आणि तू बोदावर, म्हणजे वेलींच्या मातीच्या वरंब्यावर, उसाचं पाचट अंथरतोस तसा लाकडाचा भुगा पसरला, फक्त मी खोडाला चिकटवून ढीग केलेला, तो चार बोटं मागं सारायला लागला, नाहीतर साल कुजते.

आता काळजी कुंडीची. जमिनीत मुळांना मातीची गोधडी असते, कुंडीला चारी बाजूंनी थंडी लागते, आणि मुळं फांद्यांपेक्षा नाजूक. पानं गळाली की ती गॅरेजात न्यायची, जिथं हीटर नाही तिथंच, घरात नेली तर परत अवेळी जागी होईल. अधूनमधून थोडं पाणी. ओला बर्फ फांदीवर बसला तर हातानं खालून हळू उचलायचा, गोठला असेल तर हात लावायचा नाही, काडीसारखी मोडते. जपानात कानाझावाच्या केनरोकुएन बागेत १ नोव्हेंबरपासून पाइनच्या फांद्या दोरांनी टांगून ठेवतात, छत्रीच्या काड्यांसारख्या, मी लेकीला व्हिडिओ पाठवला तर म्हणते बाबा झाड कमरेएवढं आहे.

इथं साताऱ्यात एक लावावं असं मनात आलेलं, पण त्याला खरी थंडीची झोप लागते, आपल्या हिवाळ्यात नुसतं कूस बदलत बसेल. महाबळेश्वरला कुणाकडं जागा असेल तर बघ.

तुझी फळछाटणी कधी झाली? पाऊस झाला म्हणे तासगावात, डाऊनी, तो पानांवरचा बुरशीरोग, किती आहे ते खरं सांग, फोनवर नेहमी बरंय म्हणतोस. डबा मोकळा आहे, बेदाणा संपलाय.

तुझाच,
मागच्या बाकावरचा